नवी आवृत्ती आणि हरवलेला आवाज

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या नव्या रूपाला मराठीत आपण ‘आवृत्ती’ म्हणतो. शब्द ग्रंथव्यवहारातला आहे आणि येताना त्याने तिथली एक गैरसमजूतही सोबत आणली आहे. दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा चांगलीच असणार, मुखपृष्ठावर ‘सुधारित’ असे छापले की आतला मजकूरही सुधारला असणार, अशी ती समजूत. वस्तुतः पाठचिकित्सेची जुजबी ओळख असलेल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की प्रत्येक नवी प्रत काही जुने दोष काढून टाकते आणि काही नवे दोष पदरात घेते. संगणकापुढे बसल्यावर मात्र हे भान आपण सोडून देतो. कार्यप्रणाली अद्ययावत केली आणि लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा स्पीकर बोलेनासा झाला, की ‘स्पीकर गेला’ म्हणून नवा आणायचा किंवा ‘कॉम्प्युटरला काहीतरी झालं’ म्हणून कुणाला तरी हाक मारायची, एवढेच दोन मार्ग आपल्याला सुचतात. त्या शांततेचे वाचन करावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हे वाचन करण्याची रीत साहित्याच्या अभ्यासकाला आधीच अवगत आहे आणि तिचा उपयोग न करण्याची किंमत आपण वर्गात मोजत आहोत. आवाज ही साहित्याच्या अध्यापनातली शोभेची वस्तू नव्हे. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होत आल्या आहेत. छापील ओवी दोन-तीन ओळींत संपते. गाताना तिच्यात येणारी संबोधने, पुनरुक्ती, श्वासाच्या जागा यांना कागदावर स्थान नसते. वर्गात ऐन वेळी स्पीकर मुका राहिला की शिक्षक म्हणतात, ‘असू दे, मी वाचून दाखवतो.’ त्या क्षणी मौखिक परंपरेचा पाठ गुपचूप लिखित परंपरेचा पाठ होतो आणि विद्यार्थ्यांना काय गमावले हे कळतही नाही.

एक निश्चित उदाहरण घेऊ. उबुंटू या लिनक्स प्रणालीची २२.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि २४.०४ ही एप्रिल २०२४ मध्ये. दोन्ही दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या असल्याने अनेक जण पहिलीवरून थेट दुसरीवर गेले. या एका उडीत आवाजाच्या संदर्भात दोन मोठे बदल होतात. पहिला बदल कर्नलचा, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या गाभ्याचा. २२.०४ बरोबर मूळचा ५.१५ हा कर्नल होता, २४.०४ बरोबर ६.८ आला. दुसरा बदल ध्वनीची वाटणी करणाऱ्या मध्यस्थाचा. २२.०४ मध्ये हे काम ‘पल्सऑडिओ’ करीत असे, २४.०४ मध्ये ते ‘पाइपवायर’कडे आहे. फेडोरा प्रणालीने हाच बदल २०२१ मध्ये केला होता. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पडदा तोच, चिन्हे तीच, आवाजाची पट्टीही तीच. फक्त पडद्यामागचा अनुवादक बदललेला असतो.

आता लक्षण पाहा. गाणे सुरू केले तर लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरमधून ते ऐकू येते; साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये बाहेरच्या स्पीकरची पिन खोचली तर त्यातून काहीच येत नाही. ‘आवाज येत नाही’ हे या स्थितीचे वर्णन अपुरे आहे. ‘कविता कळत नाही’ या वाक्याइतकेच ते अपुरे आहे. कुठे कळत नाही, कोणत्या शब्दापाशी, कोणत्या अन्वयापाशी, हे विचारल्याशिवाय रसग्रहण सुरू होत नाही. इथेही पहिला प्रश्न अगदी साधा आहे. पिन खोचल्यावर लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो, की तो बोलतच राहतो?

हा प्रश्न साधा असला तरी उत्तर निर्णायक असते. अंगचा स्पीकर गप्प झाला, तर पिन आल्याची दखल यंत्रात कुणीतरी घेतली आहे आणि आवाज बाहेर वळवला आहे; मग दोष त्यापुढे, म्हणजे बंद ठेवलेल्या वाहिनीत, वायरीत किंवा स्पीकरमध्ये शोधायचा. अंगचा स्पीकर बोलतच राहिला, तर पिन आल्याचे यंत्राला कळलेच नाही, किंवा कळूनही कुणी निर्णय बदलला नाही. बाहेरचा स्पीकर दोन्ही वेळा सारखाच मुका असतो. शांतता एक, अर्थ दोन. हा फरक ऐकू येण्यासाठी कोणतीही आज्ञावली पाठ असावी लागत नाही. लक्ष देणे पुरते.

यंत्राला पिन आल्याचे कळते म्हणजे काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. जॅकच्या खोबणीत पिनेच्या स्पर्शाने हलणारा एक बारीकसा विद्युत-खटका असतो. आवाजाचे अंकांतून लहरीत रूपांतर करणारी जी चिप लॅपटॉपमध्ये असते, तिला ‘कोडेक’ म्हणतात. खटका हलल्याची खबर तिला मिळते. इंटेलने २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हा संकेत जाहीर केला आणि पुढे बहुसंख्य लॅपटॉप त्यानुसार बनू लागले. या संकेतानुसार कोडेकच्या प्रत्येक टोकाशी बत्तीस बिटांची एक नोंद असते. हे टोक बाहेर कुठे जोडले आहे का, ते यंत्राच्या कोणत्या बाजूला आहे, तिथे हेडफोन लागतो की मायक्रोफोन, जोडणी कोणत्या प्रकारची आहे, इतकेच नव्हे तर त्या जॅकचा रंग कोणता, हे सारे त्या नोंदीत लिहिलेले असते. नोंद लिहिण्याचे काम लॅपटॉप बनवणाऱ्याचे. कर्नल ती वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

विश्वास नेहमीच सार्थ ठरतो असे नाही. एकाच चिपभोवती वेगवेगळे कारखाने वेगवेगळी जोडणी करतात आणि नोंद कधी अपुरी, कधी चुकीची राहते. म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये अपवादांची एक लांबलचक यादी ठेवलेली आहे: अमुक कंपनीचा अमुक लॅपटॉप दिसला तर नोंदीत लिहिलेले मानू नये, असे समजावे. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या शुद्धिपत्रासारखी ही यादी आहे आणि ती प्रत्येक आवृत्तीत वाढते. क्वचित एका यंत्रासाठी केलेली दुरुस्ती त्याच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या यंत्राला लागू होते आणि कालपर्यंत बोलणारा जॅक आज मुका होतो. नव्या आवृत्तीत आवाज जाण्याचे हे एक खरेखुरे कारण आहे. त्यात कुणाचा कट नाही आणि नशिबाचाही संबंध नाही. ती पाठशुद्धीच्या ओघात झालेली पाठहानी आहे.

कर्नलच्या वर पाइपवायर आणि त्याच्या वतीने निर्णय घेणारा ‘वायरप्लंबर’ बसलेला असतो. जॅक रिकामा आहे असे खालून कळले, की तो मार्ग ‘अनुपलब्ध’ ठरतो आणि सेटिंगच्या पडद्यावरच्या यादीतून बहुधा गळतो. इथे वाचक फसतो. यादीत नाव नाही म्हणजे वस्तूच नाही, असे आपल्याला वाटते. वास्तविक यादी हा कुणीतरी लावलेला अर्थ असतो, वस्तुस्थितीचा आरसा नव्हे. दुसरी गंमत अशी, की काही लॅपटॉपांत हेडफोन आणि मायक्रोफोन यांना एकच सामाईक जॅक असतो आणि काय खोचले हे यंत्राला स्वतःहून ओळखता येत नाही. अशा वेळी पडद्यावर प्रश्न येतो: हेडफोन, हेडसेट की मायक्रोफोन? घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला, की यंत्र त्या स्पीकरला ऐकणारा कान समजते आणि त्याच्याकडे आवाज पाठवणे थांबवते.

कधी कधी यादीत एकच विचित्र नाव उरते: ‘डमी आउटपुट’. याचा अर्थ असा, की मध्यस्थाला खरे असे एकही ध्वनियंत्र सापडलेले नाही. परंतु गाणी वाजवणारे कार्यक्रम अडून राहू नयेत म्हणून त्याने एक खोटे पात्र पुढे ठेवले आहे. त्या पात्रात ओतलेला आवाज कुठेच जात नाही. पट्टी हलते, वेळेचा काटा पुढे सरकतो, सारे काही सुरळीत चालल्याचे दिसते. डेबियन प्रणालीच्या वापरकर्त्यांना २०२३ मध्ये बाराव्या आवृत्तीवर जाताना याचा अनुभव येण्याजोगे एक कारण होते. यंत्राच्या चिपांना लागणारी बंदिस्त ‘फर्मवेअर’ या आवृत्तीपासून वेगळ्या विभागात ठेवली गेली. ज्यांनी आपल्या स्रोतांच्या यादीत त्या विभागाचे नाव घातले नाही, त्यांना तिथल्या नव्या प्रती मिळेनात. आणि अनेक नव्या लॅपटॉपांचे ध्वनियंत्र त्या फर्मवेअरशिवाय जागेच होत नाही. बदलाची सूचना प्रकाशनासोबतच्या टिपणात स्पष्ट दिलेली होती. प्रस्तावना न वाचता ग्रंथ उघडण्याची आपली सवय इथेही नडते.

मग शोध घ्यायचा कसा? पाठचिकित्सकाप्रमाणे, साक्षी जमवून. वर्गातला वेळ हाताशी नसेल तर घरी एकदा शांतपणे हे करावे. तोच स्पीकर मोबाइलला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला जोडून पाहिला, की स्पीकर आणि वायर यांची साक्ष होते. तिथे आवाज आला तर ते दोघे निर्दोष. पुढे त्याच लॅपटॉपला यूएसबीवर चालणारा छोटा ध्वनी-जोड लावून त्यातून स्पीकर वाजवावा. तो वाजला तर वरचा मध्यस्थ ठीक आहे आणि दोष कोडेक, त्याचा चालक किंवा जॅक यांच्यात आहे. साखळी अशी मधोमध तोडत गेले, की चार-पाच पावलांत दोषाची जागा हाती लागते.

याहून बोलकी साक्ष पेनड्राइव्हची. उबुंटूची कोणतीही आवृत्ती संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. जुनी २२.०४ अशी चालवली आणि जॅकमधून आवाज आला, तर यंत्राचा जॅक शाबूत आहे. नवी २४.०४ अशीच कोरी चालवली आणि तिच्यातही आवाज आला, तर नव्या आवृत्तीवरचा आळही दूर होतो. आता दोष आपल्या स्थापित प्रतीत, म्हणजे वर्षानुवर्षे तिच्यात साठत गेलेल्या आपल्याच सेटिंगांत आहे. कोरी नवी आवृत्तीही मुकीच राहिली आणि जुनी बोलली, तर पाठहानी नव्या आवृत्तीतच झाली आहे. तीन प्रती समोर ठेवून कोणता पाठ कुठे बिघडला हे ठरवण्याची ही रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ पासून डॉ. वि. सी. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. त्या कामाचा व्याप आणि लॅपटॉपचा एक जॅक यांची तुलना करणे हास्यास्पद होईल. परंतु एका प्रतीवर विसंबून निर्णय करू नये हा नियम दोन्हीकडे तोच आहे.

‘अल्सामिक्सर’ नावाचे एक साधे साधन लिनक्सवर असते. ते उघडल्यावर प्रथम मध्यस्थाची एकच पट्टी दिसते. एफ-६ ही कळ दाबून खरे ध्वनिकार्ड निवडले, की हेडफोन आणि स्पीकर यांच्या वेगळ्या पट्ट्या समोर येतात. एखादी पट्टी शंभर टक्के भरलेली असूनही तिच्या तळाशी दोन ‘एम’ असतील, तर ती वाहिनी मिटलेली आहे. एम ही कळ दाबली की ती उघडते. पूर्ण भरलेले आणि तरीही मिटलेले, अशा दोन अवस्था एकाच वेळी नांदू शकतात, हे संगणक आपल्याला इतक्या सरळपणे दाखवतो. आपण मात्र वरची मोठी पट्टी पाहून ‘आवाज तर पूर्ण आहे’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतो.

विंडोज वापरणाऱ्यांसाठीही कथानक फारसे वेगळे नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि त्याच्या आगेमागे पुष्कळ लॅपटॉप ११ वर गेले. अशा स्थित्यंतरात लॅपटॉप बनवणाऱ्याने दिलेल्या खास चालकाच्या जागी सर्वसामान्य चालक येऊन बसू शकतो. त्याला कोडेक कळतो, पण त्या विशिष्ट यंत्राच्या खाचाखोचा कळत नाहीत. उपाय म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या नमुन्याचा चालक पुन्हा बसवायचा, किंवा ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून आधीच्या चालकाकडे परतायचे. वर्गखोलीत आणखी एक प्रसंग वरचेवर येतो. प्रोजेक्टर एचडीएमआय तारेने जोडला, की आवाजही त्याच तारेने प्रोजेक्टरकडे निघून जातो, आणि प्रोजेक्टरला पुष्कळदा आवाजच नसतो किंवा नावापुरता असतो. इथे बिघाड काहीच नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये योग्य मार्ग निवडला की काम होते.

एवढे सगळे ठाऊक नसताना आपण काय करतो? संकेतस्थळांवरून किंवा हल्ली संवाद साधणाऱ्या कार्यक्रमांकडून मिळालेल्या आज्ञा जशाच्या तशा उतरवतो. पहिलीने झाले नाही तर दुसरी, दुसरीने झाले नाही तर तिसरी. ही गाइडांची संस्कृती आहे. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नावे ठेवतो आणि स्वतः त्याच वाटेने जातो. यातला धोका वेळ वाया जाण्यापुरता नाही. उतरवलेली प्रत्येक आज्ञा प्रणालीत काहीतरी मागे ठेवून जाते. ‘हे यंत्र अमुक नमुन्याचे समजावे’ अशी चालकाला उद्देशून लिहिलेली एक ओळ पाच वर्षांपूर्वी उपयोगी पडलेली असते. नव्या आवृत्तीतला चालक ते यंत्र स्वतःच नीट ओळखू लागतो, पण ती ओळ अजून हुकूम गाजवत असते. उलटपक्षी, पल्सऑडिओसाठी त्याच्या धारिकेत लिहिलेल्या सूचना पाइपवायर वाचतच नाही, आणि आपण त्या मृत ओळींत फेरफार करत बसतो.

संहितेच्या भाषेत या ओळींना प्रक्षेप म्हणतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी आपल्या ओव्या तीत घालू नयेत असे बजावून ठेवले. त्यांना अज्ञानी लेखनिकांइतकीच उत्साही भक्तांचीही काळजी वाटली असावी, कारण प्रक्षेप बहुधा सद्भावनेनेच होतात. संगणकावर आपणच आपल्या प्रतीचे उत्साही भक्त असतो. म्हणून दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला बदल तारखेसह वहीत लिहावा. बदल निष्फळ ठरला तर पुढच्याकडे जाण्याआधी तो मागे घ्यावा.

यावर एक रास्त आक्षेप येईल. साहित्याच्या शिक्षकाने हे का करावे? त्याच्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, आणि महाविद्यालयात संगणक सांभाळणारे कुणी तरी असते. आक्षेप मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की दुरुस्ती करणे आणि दोषाची जागा सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. डॉक्टर रुग्णाकडून उपचाराची अपेक्षा ठेवत नाही; परंतु कुठे आणि केव्हा दुखते हे रुग्णाने सांगावे ही अपेक्षा ठेवतो. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे: यंत्र म्हणजे संहिता नव्हे. हेही खरे. कवितेत दोन अर्थ सुखाने शेजारी राहू शकतात. जॅकमध्ये पिन एक तर आहे किंवा नाही. मात्र या भेदातून आपल्यालाच काही शिकता येईल. समीक्षेत आपण मांडलेले अनुमान खोटे ठरण्याची वेळ क्वचितच येते. इथे स्पीकर तात्काळ निकाल देतो. आपल्या सिद्धान्ताला नकार ऐकण्याची सवय समीक्षकाला असणे वाईट नाही.

शेवटी तक्रारीच्या लेखनाविषयी. कर्नलमधल्या अपवादांच्या यादीतल्या कित्येक नोंदींच्या मुळाशी एखाद्या अनोळखी वापरकर्त्याने नीट लिहिलेली तक्रार आहे. लॅपटॉपचा नेमका नमुना, कोडेकचे नाव, कोणत्या कर्नलपर्यंत आवाज होता आणि कोणत्यापासून गेला, पिन खोचल्यावर अंगच्या स्पीकरचे काय होते, एवढे चार मुद्दे असलेला परिच्छेद मिळाला तर दूर देशी बसलेला अभियंता न पाहिलेल्या यंत्रात आवाज परत आणू शकतो, आणि त्या नमुन्याचे लॅपटॉप वापरणाऱ्या सगळ्यांना पुढच्या आवृत्तीत त्याचा लाभ मिळतो. ‘अपग्रेड केल्यापासून सगळे बिघडले’ या वाक्याने कुणाचेच भले होत नाही. निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवून नेमके लिहिणे हे भाषेचे काम आहे, आणि ते शिकवण्याचा पगार आपण घेतो. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सेचा घटक शिकवताना एक तास मुक्या लॅपटॉपला द्यावा, विद्यार्थ्यांकडून त्या शांततेचे वर्णन लिहून घ्यावे आणि आवाज परत आल्यावर त्याच तासाला ओवी ऐकवावी. कागदावर तिच्यातले काय उतरले नव्हते, हे मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.